बाबांनी डायरेक्ट केलेली वायर

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्यांचं वय 31. वडील स्वतःच्या स्किड स्टीअर लोडरवर (पुढे बकेट असलेलं, जागच्या जागी वळणारं छोटं मशीन) छोट्या बांधकामांची कामं घ्यायचे: राडारोडा उचलणं, भराव टाकणं, आवार सपाट करणं. मागच्या वर्षी ते गेले. तेव्हापासून 14 महिने मशीन शेडमध्ये उभं आहे. वय पंचवीस वर्षांच्या पुढे. सेल्फ कधी घेतो, कधी नाही. आर्म, म्हणजे बकेट उचलणारा हात, वर उचलून ठेवला की हळूहळू खाली येतो. उजव्या बाजूला कुठून तरी तेल गळतं. सीट उचलून पाहिलं तर खालच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. वडिलांबरोबर 20 वर्षं काम केलेले काका म्हणतात, “बाबांनी 12 वर्षं असंच चालवलं, काही झालं नाही. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.” धाकटा भाऊ 22 वर्षांचा, चालवायला उतावीळ. आई म्हणते, मशीन विकायचं नाही. प्रश्न असा: मशीन सुरू करायला काय काय करावं लागेल? वायर तशीच ठेवली तर चालेल का? की सरळ विकून मोकळं व्हावं?

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मेकॅनिकच्या नजरेने: सेल्फ, सील, होज (तेलाच्या रबरी नळ्या). दुसऱ्यांदा वाचताना काकांच्या वाक्यावर अडलो. “12 वर्षं काही झालं नाही.”

हे वाक्य खोटं नाही, आणि काका तुमच्या वाईटावरही नाहीत. पण त्यातून तुम्ही असा अर्थ काढलाय की मशीन ठीक आहे, फक्त सुरू व्हायचं बाकी आहे. मला तसं दिसत नाही. मशीन ठीक नव्हतंच, तुमचे बाबा सावध होते. कुठला लिव्हर सोडल्यावर पूर्ण मध्ये येत नाही, तेल गरम झाल्यावर आर्म किती वेळात खाली बसतो, उतरण्याआधी काय काय करायचं, हे सगळं त्यांच्या हातापायांत मुरलेलं होतं. पंपाचा आवाज जरा बदलला तरी त्यांच्या लक्षात येत असणार. मशीन तुमच्याकडे वारशाने आलं, ते कान आले नाहीत. आणि सीटवर बसणार आहे तो तुमचा भाऊ, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेतो. सुरू कसं करायचं हे नंतर. आधी ते थांबतं का, हे बघू.

सीटखालच्या स्विचपासून सुरुवात करतो, कारण सगळं घोडं तिथे अडलंय. हा स्विच तिथे का असतो हे समजायला मशीनची ठेवण बघावी लागते. 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सिरिल आणि लुई या केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी असा पहिला लोडर बनवला, तेव्हा त्याला चाकं तीनच होती. दुमजली कोठार, आत खांब; तिथे शिरून घाण उपसायची आणि जागच्या जागी वळायचं, ही गरज. चौथं चाक 1960 मध्ये आलं. अंग इतकं आखूड ठेवायचं तर आर्मचा सांधा चालवणाऱ्याच्या मागे न्यावा लागतो. त्यामुळे दोन्ही आर्म मागून निघून तुमच्या कोपरांच्या बाजूने वर-खाली होतात. आणि चढायची-उतरायची वाट पुढून, बकेटवरून. जुन्या कित्येक मॉडेलांत आर्म आणि बकेट पायाच्या पेडलवर चालतात. उतरताना पाय नेमका त्याच पेडलवर पडतो. आर्म वर असेल आणि माणूस अर्धा बाहेर असेल, तर मध्ये सापडायला क्षणही पुरतो. या मशीनवर माणसं दगावतात ती बरीचशी अशी. सीटवर कोणी नसेल किंवा मांडीसमोरचा सीट बार वर असेल, तर आर्म हलूच नये, एवढ्यासाठी ती व्यवस्था आहे. बाबांनी जोडलेल्या त्या दोन वायरींमुळे मशीनला सतत वाटतं की सीटवर कोणीतरी बसलंय.

आता बाबांची बाजू. स्विच डायरेक्ट करणारा माणूस बहुधा आळशी किंवा बेफिकीर नसतो. काम चालू असताना मशीन मध्येच बंद पडतं, मालक डोळे वटारतो, आणि शोधल्यावर कळतं की सीटखालचा स्विच दगा देतोय. मग एक दिवस वायर जोडली जाते, “नंतर बघू” म्हणून. ते नंतर कधी येत नाही. तेव्हा वायर काढायच्या आधी ती का जोडली होती ते शोधा, नाहीतर महिन्याभरात भाऊ पुन्हा जोडेल आणि तुम्हाला सांगणारही नाही.

कारणं फार थोडी असतात. सीटचा फोम बसून गेलेला असतो, त्यामुळे खड्ड्यात मशीन उसळलं की स्विच सुटतो. किंवा कनेक्टरमध्ये माती आणि पाणी जाऊन हिरवा गंज चढलेला असतो. किंवा सीट जिथे उलटते तिथे वायर वाकून वाकून आवरणाच्या आत तुटलेली असते. बाहेरून धडधाकट दिसते, ओढली की रबरासारखी लांबते. तिन्ही दुरुस्त्या लहान आहेत. स्विच मशीनच्या सीरियल नंबरवरून मागवा, जवळपास बसतो तो नको. सीरियल नंबरची पट्टी घासून स्वच्छ करा आणि ऑपरेटरचं, दुरुस्तीचं आणि पार्ट्सचं अशी तिन्ही मॅन्युअल मिळवा. बाकी काही सुट्टं घ्यायच्या आधी हे घ्या. 25 वर्षांच्या मशीनवर कोणी काय बदललंय हे मूळ चित्र समोर असल्याशिवाय कळत नाही.

स्विच बसवल्यावर थांबवण्याची ही व्यवस्था काम करते का, याची चाचणी मॅन्युअलमध्ये दिलेली असते. साधारण अशी: मोकळं, सपाट मैदान, जवळपास कोणी नाही, सीटचा पट्टा बांधलेला, इंजिन अगदी हळू. आर्म थोडा वर जात असताना सीट बार उचलायचा. आर्म जागीच थांबला पाहिजे. मग आर्म खाली घेऊन, गोगलगायीच्या वेगाने पुढे जाताना तेच. चाकं थांबली पाहिजेत, आणि ती झटक्याने थांबतात, म्हणून पट्टा. तुमच्या मॉडेलची पद्धत वेगळी असेल तर तीच पाळा.

दुसरी गोष्ट सेल्फची. तुम्ही लिहिलं नाहीत, पण “कधी घेतो, कधी नाही” वाचल्यावर मला पुढचं दिसतंच: मागचं दार उघडून कोणीतरी सेल्फच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवतो. ठिणगी उडते, इंजिन धडधडतं, सगळे खूश. या मशीनचं इंजिन मागे असतं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर धरलेला माणूस मशीनच्या थेट मागे उभा असतो. चावीकडून जाणारी सुरक्षेची सगळी वाट त्याने ओलांडलेली असते. एखादा लिव्हर मध्यावर नसेल तर इंजिन लागताक्षणी मशीन त्याच्या अंगावर येईल, आणि ते थांबवायला सीटवर कोणी नसेल. हे आजपासून बंद. सेल्फला खरंच काय झालंय ते बघायला बॅटरीपासून सुरुवात करा. टोकांवरची पांढरी भुकटी, ढिला क्लॅम्प आणि इंजिनाच्या अंगाला जोडलेली, गंजलेली अर्थिंगची पट्टी यातच निम्मे सेल्फ “बरे” होतात. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना शेवटी लावायचं.

आता आर्म. काकांनी “सील गेलंय, सिलिंडर खोलू” म्हटलं असेल. थांबा. उचलणाऱ्या सिलिंडरवर वजन खाली दाबत असतं. पिस्टनचं सील गळलं तर खालचं तेल वरच्या बाजूला जाऊ पाहतं, पण वरच्या बाजूची बरीच जागा दांड्याने अडवलेली असते. सगळं तेल तिथे मावत नाही. सिलिंडरची दोन्ही तोंडं नीट बंद असतील, तर नुसत्या सीलच्या गळतीने आर्म थोडा बसून अडतो, तळापर्यंत येत नाही. तुमचा येत राहतोय, म्हणजे तेलाला बाहेरची वाट मिळतेय. कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या झिजलेल्या स्पूलवर (तेलाची वाट उघडणारी-बंद करणारी सरकती दांडी) माझा पहिला संशय आहे. दोन्ही मिळूनही असू शकतं. सांगायचं एवढंच, की तपासणी न करता सील बदललीत तर खर्च होईल आणि आर्म तसाच खाली येईल. ही तपासणी दाबाखालच्या तेलाशी खेळून करायची असते. हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या माणसालाच द्या.

तोवर, आणि त्यानंतरही, उचललेल्या आर्मखाली हात घालायचा तर आर्मला कंपनीने दिलेला लोखंडी आधार लावूनच. प्रत्येक मॉडेलला तो असतो: कुठे सिलिंडरच्या दांड्यावर बसणारा, कुठे आर्मला टांगलेला. जुन्या मशीनवर तो हमखास गायब असतो. शेडच्या कोपऱ्यात शोधा, नसेल तर मागवा. विटा, सिमेंटचे ठोकळे, रिकामा ड्रम यांपैकी काहीही चालणार नाही. सिमेंटचा ठोकळा तडा जाताना आधी आवाज देत नाही.

गळतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे शहाणी माणसंही चुकतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 2 ते 2.5 बार (बार हे दाबाचं माप) हवा असते. या लोडरच्या हायड्रॉलिकमध्ये दाब 140 बारच्या पुढे जातो. होजला टाचणीएवढं छिद्र पडलं तर तिथून निघणारी तेलाची धार डोळ्याला दिसतही नाही, कधी नुसतं धुकं दिसतं. मी उमेदवारी करत होतो तेव्हा आमच्यातल्या एकाने गळती शोधायला होजवरून बोट फिरवलं. हातमोजा होता. बोटाच्या पेरावर एक ठिपका, डास चावल्याएवढा. रक्तसुद्धा नाही. तो हसला, पुसलं आणि जेवायला बसला. संध्याकाळपर्यंत तळहात फुगून दगडासारखा झाला. बोट वाचलं, पण ते पुन्हा कधी पूर्ण मिटलं नाही. कातडीखाली शिरलेलं तेल आतून ऊती मारत जातं. तासाभराचा उशीरही महाग पडतो. असा ठिपका कोणाच्या हातावर दिसला, दुखत नसलं तरी, तडक हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे स्पष्ट सांगायचं: दाबाखालचं तेल आत गेलंय. नुसतं “काहीतरी टोचलं” म्हटलंत तर पट्टी बांधून घरी पाठवतील.

गळती शोधायची रीत अशी. मशीन धुऊन कोरडं करा. चष्मा आणि जाड हातमोजे घाला. काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधा आणि लांबून तो होजच्या बाजूने फिरवा. छिद्र असेल तिथे पुठ्ठ्यावर सुईने ओढल्यासारखी ओली रेघ उमटते. मग इंजिन बंद, आर्म जमिनीवर, मॅन्युअलप्रमाणे दाब सोडायचा, आणि त्यानंतरच पाना. जी होज गळते तिच्या शेजारच्या बहुधा तिच्याच वयाच्या असतात. होजच्या अंगावर दाबाचा आकडा आणि बऱ्याचदा बनवल्याची तारीख छापलेली असते, ती वाचा. नवी घेताना दाब तेवढाच किंवा जास्त हवा. होजला क्लिप आवळून किंवा रबर गुंडाळून केलेली दुरुस्ती पाण्याच्या पाइपाला ठीक.

तेल गळतंय त्याच्याइतकंच ते कसं दिसतं हेही बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. फेस असेल तर पंप हवा ओढतोय. जळका वास असेल तर ते कधीतरी फार तापलंय. टाकीत नुसती भर घालू नका, फिल्टरसकट बदला, आणि कुठलं तेल ते मॅन्युअलमध्ये बघूनच. काही जुन्या लोडरमध्ये हायड्रॉलिकलाही इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. चाकांच्या चेन ज्या पेटीत असतात तिचंही तेल काढून बघा. बोटांत चोळल्यावर चमचमती कणी लागली तर आत काहीतरी खातंय.

पिन आणि बुश (सांध्यातला खिळा आणि तो ज्यात फिरतो ती कडी): आर्म जमिनीवर असताना बकेट पहारीने हलवून बघा, खडखड वाजलं तर झिजलेत. ग्रीस रोजचं काम आहे. आर्मच्या सांध्यांजवळ रंगाला केसासारखी गंजाची रेघ दिसली तर घासून बघा, खाली तडा असू शकतो.

केबिनबद्दल मात्र ठाम सांगतो. वरची चौकट नुसतं छप्पर नाही. मशीन उलटलं तर माणूस वाचावा म्हणून ती हिशोब करून बनवलेली असते. तिला भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, वाकली असेल तर वेल्डिंग करून सरळ करायची नाही. वाकलेली चौकट बदलायची. आणि ती वाचवते पट्टा बांधलेल्या माणसालाच. पट्टा न बांधलेला बाहेर फेकला जातो आणि त्याच चौकटीखाली येतो.

इंजिनाचं काम शेवटी, आणि खरं तर सगळ्यात सोपं. 14 महिने उभ्या डिझेलच्या टाकीत पाणी आणि चिखलासारखा गाळ धरलेला असणार. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, हवा काढा. इंजिन ऑइल आणि कूलंट बदला. इंजिनाखालचा तळपत्रा उघडा. तिथे पालापाचोळा, तेल आणि उंदरांची घरटी यांचा असा काही लगदा साठतो की आग लागायला गरम सायलेन्सर पुरतो. कुरतडलेल्या वायरी तिथेच सापडतील. आणि इंजिन लवकर घेत नाही म्हणून हवेच्या वाटेत ईथरचा स्प्रे मारायचा मोह होईल. ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा भाग) असलेल्या इंजिनात तो मारायचा नाही, आतल्या आत स्फोट होतो.

आता भाऊ. उतावीळ आहे हे वाईट नाही, पण त्याला आधी रिकामी बकेट घेऊन काही दिवस मोकळ्या मैदानात फिरू द्या. दोन गोष्टी त्याच्या अंगवळणी पडल्याच पाहिजेत. पहिली: बकेट कायम खाली, जमिनीला लागत नाही एवढीच वर. उचलायचं ते जागेवर थांबून, ओतायच्या वेळी. आर्म वर आणि चाकं वळलेली, यात मशीन आडवं होतं. दुसरी: चढावर जड बाजू वरच्या अंगाला. रिकामं मशीन मागे जड असतं, म्हणून चढ मागे-मागे चढायचा आणि तोंड पुढे ठेवून उतरायचा. भरलेली बकेट असेल तर उलट. ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा चाकं हलकी झालेली अनुभवली की विसरत नाही. किती वजन उचलायचं याचा आकडा पट्टीवर असतो. चाकांच्या लोडरला तो मशीन पुढे कलंडायला लागतं त्या वजनाच्या निम्मा धरलेला असतो. “अजून थोडं उचलेल” हे खरंच आहे, उचलेल. थांबताना आणि वळताना मात्र हिशोब चुकतो.

काकांशी कसं बोलायचं, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. “तुम्ही आणि बाबा चुकीचं करत होतात” अशी सुरुवात केलीत तर ते गप्प होतील, आणि तुमचं नुकसान होईल, कारण त्या मशीनबद्दल उरलेलं सगळं ज्ञान आता त्यांच्याकडेच आहे. एक दुपार त्यांना मशीनशेजारी खुर्ची टाकून बसवा. भावालाही बोलवा. वही घ्या आणि विचारा, “काका, हे कुठे कुठे दगा देतं?” बोलायला लागले की थांबणार नाहीत. कुठला लिव्हर अडकतो, कुठल्या पिनला ग्रीस जात नाही, कधी काय जोडलं, सगळं लिहून घ्या. ती यादी म्हणजे तुमच्या दुरुस्तीची निम्मी तपासणी. मला खात्री आहे, बोलता बोलता “एकदा थोडक्यात वाचलो” असे एक-दोन प्रसंगही येतील. तेव्हा मध्ये बोलू नका, भावाला ऐकू द्या.

विकायचं की ठेवायचं? यादी पूर्ण झाल्याशिवाय ठरवू नका. चौकट वाकलेली निघाली, आर्मच्या मुळाशी मोठा तडा असला, चेनच्या पेटीत कणीच कणी मिळाली, किंवा मॅन्युअल आणि सुटे भाग मिळतच नसले, तर सोडून द्या. आईंना वाईट वाटेल, पण बाबांची आठवण त्या मशीनच्या सीटवर भावाला बसवून जपायची गरज नाही. स्विच, सेल्फ, होज, व्हॉल्व्ह आणि पिन एवढ्यावरच निभावलं, तर मशीन ठेवण्यासारखं आहे. अशा जुन्या लोडरचं एक मला आवडतं: कॉम्प्युटर नाही, जे बिघडतं ते दिसतं. आणि विकलंत तरी ती वायर तशीच ठेवून विकू नका. घेणाऱ्यालाही एखादा 22 वर्षांचा भाऊ असेल.

आईंना सध्या एवढंच सांगा, की मशीन विकत नाही, अजून महिना-दोन महिने उभं राहणार आहे. आणि चावी तोवर भावाच्या नव्हे, तुमच्या खिशात असू द्या.